कमानीखालची जागा नक्की कोणाची?

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्सच्या ट्रिपमध्ये मोंपाझिए नावाचं गाव बघितलं. गाव एवढंसं, पण बाजाराच्या चौकाला चारी बाजूंनी कमानींची जुनी घरं, आणि खालचा मजला पुढून सताड उघडा! इतकी मोक्याची जागा कोण मोकळी सोडेल? आणि दोन घरांच्या मधे ती फूटभर फट कशाला? गाइडने फोटोला दहा मिनिटं दिली नि पुढे पळवलं, विचारायचं राहूनच गेलं.

उत्तर : दहा मिनिटं म्हणजे अन्यायच झाला हो. पण जागा सोडलेली नाहीये, उलट कमावलेली आहे. हे गाव आपोआप वाढलेलं नाही, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड (तेव्हा तो तिकडचा ड्यूकही होता) याने १२८४ मध्ये ते आखून वसवलं, काटकोनात रस्ते, एका मापाचे प्लॉट आणि मधे बाजार. अशा गावांना तिकडे बास्तीद म्हणतात, १३व्या-१४व्या शतकात त्या पट्ट्यात शेकडो झाली. वसवणाऱ्याला बाजार हवा होता कारण बाजार भरला की कर मिळतो, आणि घरवाल्याला हवी होती जास्तीची खोली. मग माडी चौकाकडे पुढे काढायची, खाली कमानी द्यायच्या, पण खालून लोकांची ये-जा अडवायची नाही. म्हणजे वरची खोली मालकाची, खालची वाट गावाची, आणि ऊन असो पाऊस असो दुकानदाराला दारातच सावली. दोघंही खूश.

आता तुमचे फोटो काढून बघा, कमानी सारख्या नाहीत, कुठे गोल, कुठे टोकदार. प्लॉट एका मापाचे असले तरी बांधणारे वेगवेगळे होते, आणि पुढे शतकानुशतकं ज्याने त्याने आपापली डागडुजी केली. मला तर हा वेडेवाकडेपणाच आवडतो. चौकातल्या लाकडी मंडईत धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत, ती दिसली का?

फटीला आंद्रोन म्हणतात. भिंत सामाईक नाही म्हणजे शेजाऱ्याशी भांडण नाही, आग लागली तर पसरायला जरा अडथळा, छपराचं पाणी तिथेच पडणार आणि (जेवताना वाचू नका) घरातली घाणसुद्धा तिथेच.

परत गेलात तर मिरप्वा पण बघा. १२८९ च्या पुरात जुनं गाव वाहून गेलं म्हणून नदीच्या दुसऱ्या काठावर नवीन वसवलं, आणि तिथे दगडी कमानी नाहीत, जाड लाकडी खांबांवर घरं उभी आहेत. सोमवारी सकाळी जा, बाजार असतो. फक्त भाजीकडेच बघत चालू नका, एका जुन्या घराच्या तुळयांच्या टोकांना माणसांची नि जनावरांची तोंडं कोरलीयत, मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत.