सूत्रं पाठ होत नाहीत, म्हणजे स्मरणशक्ती कमी?

नववीतली, सेमी इंग्लिशची मुलगी. बाकी विषयांत बरी, विज्ञानात काठावर. आईची काळजी नेहमीचीच: "रोज सूत्रं घोकते, पेपरात सगळं विसरते."

गुणांऐवजी तिची रफ वही पाहिली. विसरण्याचा प्रश्न फारसा नव्हताच. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या सूत्रात, सीए(ओएच)२ मध्ये, तिने ऑक्सिजनचा एकच अणू मोजला होता. कंसाबाहेरचा २ कंसातल्या दोघांनाही लागतो, म्हणून ऑक्सिजन २, हायड्रोजनही २. पाणी तयार होण्याचं समीकरण जुळवताना तिने एच२ओ चं एच२ओ२ केलं होतं. अणू जुळले, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं! खालचा छोटा आकडा पदार्थ ठरवतो, त्याला हात लावायचा नाही. समोरचा मोठा आकडा फक्त रेणू मोजतो. २एच२ + ओ२ → २एच२ओ.

सूत्रांचं घोकणं थांबवलं. पाठ करायच्या त्या संयुजा, म्हणजे अणू किंवा अणूंचा गट किती बंध जोडू शकतो तो आकडा: सोडियम १, कॅल्शिअम २, ॲल्युमिनिअम ३, ऑक्सिजन २, सल्फेट २. मग तिरकी अदलाबदल: ॲल्युमिनिअमचा ३ ऑक्सिजनखाली, ऑक्सिजनचा २ ॲल्युमिनिअमखाली, एएल२ओ३. कॅल्शिअम ऑक्साइडमध्ये २ आणि २ आले की संक्षेप द्यायचा, सीएओ. इथे मुलं हमखास अडकतात.

भौतिकशास्त्रात घोटाळा एककांचा. ताशी ७२ किमी वेगाची गाडी ४ सेकंदांत थांबली, तर त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, किती? तिने ७२ ला सरळ ४ ने भागून उणे १८ काढलं. आधी ७२ भागिले ३.६, म्हणजे सेकंदाला २० मीटर; मग (० − २०) ÷ ४ = उणे ५ मी/से२. उणे १८ म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या, ९.८ च्या, जवळपास दुप्पट. रस्त्यावरच्या साध्या गाडीचा ब्रेक एवढा लागत नाही. अशी शंका यायला हवी, आणि ती सरावाने येते.

आईला सांगितलं, नवं गाईड किंवा शिकवणी तूर्त नको. रोज दोनच गणितं, तीही अशी: दिलेल्या राशी एककांसह, रूपांतर, सूत्र, मग आकडे. उत्तर तपासता आलं नाही तरी चालेल, प्रत्येक ओळीत एकक आहे का एवढं बघा.

पाढे, घड्याळ, सुट्टे पैसे यांतही लहानपणापासून असाच गोंधळ असेल, तर मात्र अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. या मुलीत तसं काही दिसलं नाही.