गोठवलेली लाळ वितळल्यावर तारा सुटतात. टेस्टोस्टेरॉन मोजायचं आहे, कापसातून गाळून घेतली तर चालेल का?

अजिबात नाही. कापसातून लाळेत जे काही उतरतं त्याने इम्युनोअ‍ॅसे ही अँटिबॉडीने हार्मोन मोजणारी चाचणी फसते आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा फुगतो.

नाशिकच्या एका कॉलेजात मी लॅब टेक्निशियन असताना पैलवानांच्या टेस्टोस्टेरॉनचं काम आलं होतं. पंचवटीतल्या तालमीत जाऊन नमुने घ्यायचे. गाइड सरांचं एकच पालुपद, "मॅडम, तोंडात कापसाचा बोळा धरायला लावा, दोन मिनिटांत मोकळे." मी ऐकलं नाही. मान खाली घालून लाळ आपसूक पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबमध्ये ओघळू द्यायची, खाकरायचं नाही. पोरं लाजायची, वेळ लागायचा, लागू दे. एकाचा ओठ कुस्तीत आतून फुटला होता. ट्यूब पांढऱ्या कागदापुढे धरली तर तळाशी फिकट गुलाबी दोरा. सर म्हणाले, "एवढ्याशाने काय होतंय?" होतं ना! रक्तात टेस्टोस्टेरॉन लाळेच्या कित्येक पट असतं, एवढासा दोराही आकडा चढवतो. नमुना बाद केला. दुसरा नुकताच तांब्याभर दूध पिऊन आलेला. दुधात जनावराचे हार्मोन असतात, म्हणून त्याला चूळ भरायला लावून तासभर बसवून ठेवला. सर सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्ही नमुने घ्यायला आलात की नाकारायला?" दोन्हीसाठी, सर. तेव्हाही हेच म्हटलं होतं.

तर तुमच्या तारा म्यूसिनच्या, म्हणजे लाळेतल्या चिकट प्रथिनाच्या आहेत. गोठवल्याने उलट म्यूसिन साकळतं, ते बरंच आहे. नमुना पूर्ण वितळू द्या, व्हॉर्टेक्स मशीनवर जोरात हलवून घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जीवर १५ मिनिटं फिरवा. जी म्हणतेय, म्हणजे गुरुत्वबलाच्या पटीतला जोर; आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, नाही. तुमच्या रोटरच्या त्रिज्येवरून हिशेब करा. वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्या, तळाच्या गोळ्याला पिपेटचं टोक लागू देऊ नका. तरीही ओढलं जात नसेल तर पुन्हा फिरवा. आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये ठेवलं असेल तर आधी तिथून काढा, त्यात तापमान सारखं वर-खाली होतं.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजायचं असतं तर रक्ताच्या बाबतीत मी इतकी कडक नसते, त्याला थोडंफार चालून जातं. शिवाय किटच्या पत्रकात वेगळं काही दिलं असेल तर पत्रकाचंच ऐका. पण गाळायची घाई तुमच्या गाइडची असेल, तर ते त्यांच्याकडून सहीनिशी रजिस्टरमध्ये लिहून घ्या.