आरव म्हणजे शांत की आरडाओरडा?

प्रश्न असा आलाय, बाळाचा जन्म कृत्तिकेच्या पहिल्या चरणातला, अक्षर आलं 'अ', नवराबायकोने आरव नाव पक्कं केलं कारण ॲपवर अर्थ दिलाय 'शांत', आणि सासरे म्हणतायत की अगं आरव म्हणजे आरडाओरडा. बारसं जवळ आलंय, तर खरं काय आणि नाव बदलायचं का?

ताई, अर्थाच्या बाबतीत सासरे बरोबर आहेत. 'रव' म्हणजे आवाज, मूळ धातू 'रु', आवाज करणे. पाखरांचा कलरव त्यातलाच, आणि नीरव शांतता म्हणतो त्यातला नीरव म्हणजे जिथे रव नाही असा. 'आ' लागून आरव झाला की आवाज, ओरडणं, मोठ्याने हाक असा अर्थ होतो. आपट्यांचा संस्कृत कोश काढा नाहीतर मोनियर विल्यम्सचा, 'शांत' कुठेच सापडणार नाही. आणि कोशापर्यंत तरी कशाला जायचं, कोंबडा काय करतो? आरवतो! तो शब्द याच घरातला आहे.

मग शांत कुठून आलं? मला जे वाटतं ते सांगते. संस्कृतात 'अरव' असाही एक शब्द आहे, ऱ्हस्व अ वाला, अ + रव म्हणजे आवाज नसलेला. देवनागरीत अरव आणि आरव यांची गल्लत होणार नाही, पण रोमन अक्षरांत एक 'ए' की दोन 'ए' याला कोण विचारतं, तिथे दोन्ही एकाच खणात पडले असणार आणि मग एका यादीवरून दुसऱ्या यादीत तोच अर्थ कॉपी होत गेला. पत्रिकेच्या हिशोबात पण अ आणि आ एकच धरतात, त्यामुळे तिथेही कुणी अडवत नाही. पण अर्थाच्या हिशोबात त्या एका कान्याने शांत माणूस एकदम ओरडायला लागतो. म्हणून माझं सगळ्या आईबाबांना सांगणं असतं की नावाचा अर्थ रोमन स्पेलिंगवरून कधी शोधू नका, आधी देवनागरीत नीट लिहा, ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करा आणि मग कोश उघडा. आपटे, मोल्सवर्थ, दाते-कर्वे सगळे आता नेटवर फुकट आहेत, पाच मिनिटांचं काम आहे.

आता नाव बदलायचं का. माझं मत विचाराल तर नाही. आरव हे नाव म्हणून छान आहे, आवाज असणं हे काय वाईट लक्षण आहे का, जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. फक्त कुणी अर्थ विचारला तर 'शांत' सांगू नका, 'नाद, हाक' सांगा, तो खरा पण आहे आणि ऐकायलाही चांगला आहे. सासरे कदाचित असंही म्हणतील की रावण पण याच धातूतला, आणि ते खरं आहे, कैलासाखाली हात चेमटल्यावर त्याने जी आरोळी ठोकली त्यावरून शंकराने त्याला रावण नाव दिलं अशी उत्तरकांडात कथा आहे. पण एका धातूतून शेकडो शब्द निघतात, कलरवही त्यातलाच, त्यामुळे तेवढ्यावरून नाव टाकायचं कारण नाही.

आणि कोशातला अर्थ हा पण काही शेवटचा शब्द नसतो हेही सांगायला हवं. 'अनय' घ्या. कोशात अनय म्हणजे अनीती, दुर्वर्तन, आपत्ती, आणि हे बघून मुलाचं नाव अनय ठेवलेले आईबाप हादरतात. पण विष्णुसहस्रनामात 'नेयो नयोऽनयः' असं स्पष्ट आहे, तिथे अनय म्हणजे ज्याला कुणी नेणारा नाही, जो कुणाच्या चालवण्याने चालत नाही असा. आपल्या गवळणींत राधेचा नवराही अनय असतो. म्हणजे एकाच शब्दाला तीन ठिकाणी तीन घरं, आणि तुम्ही कुठलं घेतलंय ते तुम्हाला माहीत असलं की झालं. याउलट अद्विक, रियांश यांना संस्कृत कोशात घरच नाही. नवीन नाव घडवायला माझी अजिबात हरकत नाही, भाषा अशीच वाढते, पण घडवलेल्या नावाला 'प्राचीन संस्कृत अर्थ' चिकटवून विकणं मला खरंच आवडत नाही. मूल मोठं होऊन शाळेत तोच अर्थ विश्वासाने सांगणार असतं हो.

नावावरून व्याकरणाचे वाद काही आजचे नाहीत. पतंजलींच्या महाभाष्यात, म्हणजे सुमारे 2100 वर्षांपूर्वी, व्याकरण का शिकायचं याची जी कारणं दिलीयत त्यात एक कारण चक्क मुलाचं नाव ठेवणं हे आहे. दहाव्या दिवसानंतर नाव ठेवावं, सुरुवात घोष व्यंजनाने, म्हणजे ग, ज, द, ब अशा घुमणाऱ्या व्यंजनाने करावी, नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, पहिला स्वर आ-ऐ-औ नसावा, कृत् प्रत्ययाने (जो धातूला लागतो) झालेलं असावं, तद्धिताने (जो नामाला लागतो) नको, आणि हे कृत्-तद्धित व्याकरण शिकल्याशिवाय कळणार कसं असा मुद्दा आहे. या नियमांनी तुमचा आरव तीन अक्षरी म्हणून बाद आणि आ मुळे परत बाद. पण आ चा नियम लावला तर राम पण बाद होतो, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. नक्षत्राच्या अक्षरांचंही तसंच, आर्द्रेत ङ येतो आणि हस्तात ण, त्यावरून कुणी नाव ठेवून दाखवावं! म्हणून तर नावरस नाव, म्हणजे पत्रिकेतल्या अक्षरावरून येणारं, वेगळं आणि हाक मारायचं वेगळं अशी सोय आपल्याकडे होतीच.

मला अर्थापेक्षा बोलण्यातली अडचण जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आरवमध्ये एक आहे जी कुणी सांगत नाही. पूर्वी आपण गणेशाला, रामाला असं सामान्यरूप करायचो, आता नावांना सरळ ला-ने-चा जोडतो, गणेशला, आरवला. आता 'आरवला' मोठ्याने म्हणा. कोंबडा आरवला! 'सकाळी सकाळी आरवला' म्हटलं की कोण ते कळायचं नाही, आणि शाळेतली पोरं हे बरोबर पकडतात. फार मोठी गोष्ट नाही, आरवाला म्हणायची सवय घरात लावली तर सुटते, आणि जुनं रूप कानाला गोडही लागतं. गल्लीत त्याचं आरव्या होणारच, तेही एकदा हाक मारून बघा, आवडतंय का. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असं लागतं, तेव्हा बाळाच्या नावापुढे स्वतःचं नाव लावून म्हणून बघा. आईचं नाव आसावरी असेल तर आरव आसावरी म्हणताना दोन आ एकमेकांवर आदळतात, मीनल असेल तर सहज जातं.

एवढं करूनही सासऱ्यांचं मन होत नसेल तर घाई करू नका. जन्माची नोंद नावाशिवायही होते, नाव 12 महिन्यांच्या आत शुल्क न भरता घालता येतं आणि नंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पाळण्यात आत्याच्या तोंडून दोन नावं घ्या, एक आरव आणि एक सासऱ्यांच्या पसंतीचं, मग सहा महिने बघा घरात कुठलं तोंडात बसतं ते. दाखल्यासाठी नाव द्याल तेव्हा देवनागरीत आ चा काना नीट आहे ना ते तेवढं तपासून घ्या, नाहीतर ॲपवाल्यांचा 'शांत' खरा ठरायचा.