व्हीलचेअरचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी

तुम्ही लिहिता की अम्मी 69 वर्षांच्या आहेत आणि दोन्ही गुडघे झिजलेत. त्यांच्या हजसाठी एजंटने तुमच्या नावे ‘हज योजना’ म्हणून विमा पॉलिसी दिली. वर्षाला 60,000, दहा वर्षं. तीन हप्ते भरून झाले, शेवटी 7 लाख मिळतील. अम्मींचे साडेपाच लाख चालू खात्यात आहेत. तुम्ही विचारता एवढंच, की टूरवाला व्हीलचेअरचे 50,000 जादा मागतो, ते द्यावेत का?

सहा लाख भरून सात मिळणार, म्हणजे वर्षाला तीन टक्केही सुटत नाहीत. अम्मी व्याज नको म्हणून पैसे चालू खात्यात ठेवतात, आणि या पॉलिसीचा बोनस मुख्यतः व्याजाच्या रोख्यांतून येतो. हे एजंटने सांगितलं होतं?

पैसे हाती येतील तेव्हा अम्मी 76 च्या असतील. ‘तोपर्यंत ऑपरेशन होऊन त्या चालू लागतील’ या भरवशावर सात वर्षं घालवू नका. सई म्हणजे सफा-मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या, त्याच तीन किलोमीटरच्या आसपास होतात. काबाभोवतीच्या फेऱ्यांचा तवाफ वेगळा, वरच्या मजल्यावरून केला तर आणखी लांब. मग मक्केबाहेरची मिना, अरफात, मुझदलिफा ही ठिकाणं.

शिवाय तुम्ही हिशेब एकट्या अम्मींचा धरलाय. सोबत तुम्हाला जावंच लागेल. सरकारी हज कमिटीमार्फत दोघांचे आठ लाख धरा. पॉलिसी आज सोडली तर कंपनी 1.1 लाख देते म्हणता. भरलेल्यातले 70,000 गेले, जाऊ द्या. साडेपाच अधिक 1.1 म्हणजे 6.6 लाख. वाचलेले दोन हप्ते धरले की 7.8. उरलेले वीस हजार तुम्ही उभे कराल.

आता व्हीलचेअर. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, गरजूंकडून विमान कंपनी पैसे घेत नाही. हरममध्ये, म्हणजे मक्केच्या मोठ्या मशिदीत, ती विनामूल्य मिळते, ढकलणारा माणूस हवा असेल तर त्याचे पैसे पडतात. सईसाठी व्हीलचेअरची वेगळी मार्गिका आहे. मग पन्नास हजार कशाचे? कमिटीऐवजी टूरवाल्यामार्फतच जायचं ठरलं तर त्याच्याकडून लेखी घ्या : तवाफ आणि सईला माणूस देणार का, मिना-अरफातच्या दिवसांत कोण असेल? गोलमोल उत्तर आलं तर एक पैसा देऊ नका. रमी, म्हणजे सैतानाला खडे मारणं, मात्र अम्मींना झेपली नाही, तर त्यांच्या वतीने तुम्ही करू शकता.

अर्जाआधी अम्मींना डॉक्टरांकडे न्या. त्यांनी प्रवासालाच मनाई केली तर हज-ए-बदलबद्दल, म्हणजे त्यांच्या वतीने दुसऱ्याने हज करण्याबद्दल, मुफ्तींना विचारा. परवानगी दिली तर येत्या हजसाठीच अर्ज भरा, आणि पुढचा हप्ता बँकेतून कापला जायच्या आत थांबवा.