संघर्षाचा अभ्यास केल्याने अभ्यासकाची मते आणि त्याचे घरचे आयुष्य बदलते का?

हिंसा आणि संघर्ष यांवर वर्षानुवर्षे संशोधन करणाऱ्या माणसाची नागरी स्वातंत्र्याविषयीची मते आणि त्याचे खासगी आयुष्य बदलते का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात राज्यशास्त्र शिकवतो आणि याच विषयावर काम करतो. माझ्यापुरते सांगायचे तर दोन्ही बदलले.

आमच्या विषयात मोजणीला फार महत्त्व आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत सशस्त्र संघर्ष धरला जाण्यासाठी वर्षभरात लढाईत किमान 25 मृत्यू व्हावे लागतात. तुलनेसाठी अशी रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि मीही ती बरीच वर्षे वापरली. पण 1930 चे सोलापूर त्या रेघेत बसवता येत नाही. गांधीजींच्या अटकेनंतर 8 मे रोजी येथे गोळीबार झाला, 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. आजी सांगायची की, पूर्व भागात विणकाम करणाऱ्या तिच्या सासऱ्यांनी त्या दिवसांत आपली गांधी टोपी घडी करून हातमागाच्या खड्ड्यात, पायाने दाबायच्या पावड्यांच्या मागे दडवली होती. नंतर बाहेर काढली तेव्हा तिला खळीचा वास लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली, याची नोंद इतिहासात आहे. दडवलेल्या टोप्या कोणीच मोजल्या नाहीत.

आधी सुव्यवस्था आणि मग हक्क, असे तरुणपणी मलाही पटत असे. ते मत सुटले ते आणीबाणीतील जबलपूर खटल्याचा निकाल नीट वाचल्यावर. अटकेतल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही, असे 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले. तो एक आवाज न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा होता. 2017 मध्ये न्यायालयानेच तो निकाल चूक ठरवला, पण मधल्या 41 वर्षांनी तेव्हा कोठडीत असलेल्यांचे दिवस भरून आले नाहीत. ‘याला का धरले?’ हा प्रश्न विचारता येणे बंद झाले की संघर्ष सुरू झालेला असतो, मग मृतांचा आकडा शून्य का असेना, असे मी आता मानतो आणि वर्गातही तसेच शिकवतो.

घरचे सांगणे अधिक अवघड आहे. दंगलग्रस्तांच्या मुलाखती घेत असताना मी घरीही तसाच बोलू लागलो होतो. मुलगी उशिरा आली की कुठे होतीस, कोण बरोबर होते, किती वाजता निघालात, असे एकामागून एक विचारत असे. एका रात्री ताट वाढता वाढता पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही पोरीचा जबाब घेताय.” ज्या अधिकाराविरुद्ध मी लिहीत होतो तो माझ्याच आवाजात होता, हे मला फार लागले. पुढच्या मुलाखतीपासून मी समोरच्याला आधीच सांगू लागलो की, न पटणारा प्रश्न सोडून द्या, कारण सांगायची गरज नाही. मुलीलाही मी हेच सांगितले. आता ती आली की मी चहा टाकतो, आणि बहुतेक वेळा कप अर्धा होण्याच्या आत ती आपणहून बोलू लागते.