वास, गोचीड आणि विश्रामबागेतला कोंबडा

(‘अंगणातली कोंबडी’ या सदरात निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे वाचकांचे आबा, पत्रांना उत्तरं देतात.)

पाऊस लागला की पत्रांचा गठ्ठा फुगतो आणि निम्म्या पत्रांत एकच रड असते, वासाची. तेव्हा आधी तीच घेतो.

प्रश्न : आबा, घरामागं पंधरा गावरान कोंबड्या आहेत. मी खुराडं रोज धुते, फिनेल टाकते, तरी पावसाळ्यात दारात उभं राहवत नाही. डोळे चुरचुरतात. जाऊबाई म्हणतात, कोंबड्या काढा नाहीतर आम्ही वेगळी चूल मांडतो. काय करू?
– एक भगिनी, पाटण तालुका

उत्तर : ताई, पहिल्यांदा धुणं बंद करा. जाऊबाईंची चूल तुमच्या बादलीपायीच वेगळी व्हायची वेळ आलीय.

कोंबडीची शीट वाळलेली असली तर तिला फारसा वास नसतो. ती भिजली की त्यातले जिवाणू कामाला लागतात आणि अमोनिया सुटतो. डोळे चुरचुरतात ते त्यानं. तुम्ही दारात क्षणभर उभ्या राहता, कोंबडीचं नाक रात्रभर त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतं. मग सर्दी, डोळ्यांना चिकटा, अंडी कमी हे सगळं ओळीनं येतं. तुमच्या भागात आषाढात धुतलेली फरशी वाळणार कधी? माझी नोकरीची निम्मी वर्षं कोयनेच्या खोऱ्यात गेली. तिकडं कपाटातला शर्टसुद्धा दिवाळीपर्यंत वाळत नाही.

करायचं असं. खुराडं एकदा पूर्ण कोरडं करा आणि खाली चार बोटं जाडीची भाताच्या तुसाची गादी घाला. तुमच्याकडं भातगिरणीत तूस मिळतं, हे तुमचं भाग्य. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं खालवर करायचं. गादी बरी आहे की नाही हे बघायला मूठभर तूस हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर ते जरासं एकत्र राहून लगेच सुटलं तर उत्तम. लाडवासारखा गोळा राहिला तर ओल झालीय. तेवढी जागा घमेल्यात भरून उकिरड्यावर टाका, तिथं कोरडं तूस घाला आणि विरलेला चुना भुरभुरवून मिसळा. चुना टाकल्यावर वास घटकाभर उलट वाढतो, तेव्हा ते काम कोंबड्या बाहेर चरायला गेल्यावर करा.

आता ओल येते कुठून ते शोधा. लोक पत्र्याकडं बघतात. मी आधी पाण्याच्या भांड्याकडं बघतो. जमिनीवर ठेवलेल्या पसरट थाळीत कोंबडी पाय घालते, तूस उकरून टाकते, पाणी सांडते. भांडं विटांवर ठेवा, कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीला. उघडीप असेल तेव्हा ते बाहेरच ठेवलं तर आणखी बरं. मग वळचण बघा. पागोळ्या भिंतीपासून दीड हात लांब पडल्या पाहिजेत, आणि जोतं हातभर उंच हवं. तिसरी गोष्ट म्हणजे प्लास्टिक. पाऊस आत येतो म्हणून चारी बाजू कागदानं गच्च बांधलेली खुराडी मी किती बघितली! आतली वाफ जाणार कुठं? पश्चिमेची बाजू झाका, कारण झड तिकडूनच येते. पण छपराखालची वीतभर जाळी चारी बाजूंनी उघडी ठेवा. वारा कोंबडीच्या डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावरून नाही.

अजून एक. कोंबडीची बरीचशी शीट रात्री बसल्या जागी पडते. बसायच्या दांडीखाली जुना पत्रा सरकवून ठेवा आणि रोज सकाळी खरवडून काढा. चहा उकळेपर्यंत होणारं काम आहे, आणि निम्मा वास तिथंच संपतो. दांडी दोन इंच रुंद लाकडाची, कडा तासलेल्या. लोखंडी पाईप नको. एका कोंबडीला वीतभर जागा धरा. खाली जमिनीवर दर कोंबडीला किमान दोन चौरस फूट.

फिनेल रिकाम्या खुराड्यात ठीक आहे, कोंबड्या आत असताना नको. शिमग्यानंतर सगळी गादी काढा, भिंतींना चुना मारा आणि चार-आठ दिवस ऊन खाऊ द्या. काढलेलं खत ताजं झाडांना घालू नका, मुळं करपतात. उकिरड्यात चांगलं कुजवा आणि मग वांग्याला घाला.

प्रश्न : आमच्याकडं भात नाही, त्यामुळं तूस नाही. शेंगांची टरफलं चालतील का? दुसरं म्हणजे कोंबड्या सांजच्याला खुराड्यात जायला तयार नाहीत, झाडावर बसतात. तुरे पांढरे पडलेत. खाणं चांगलं आहे. दोन दगावल्या.
– शेतकरी, कवठे महांकाळ

उत्तर : टरफलं चालतील. पण अगदी वाळलेली पाहिजेत. भिजली की बुरशी धरतात आणि ती बुरशी कोंबडीच्या फुफ्फुसात जाते. बुरसटलेले शेंगदाणे किंवा मका तर ‘कोंबड्यांना चालतंय’ म्हणून कधीच टाकू नका. त्या विषानं लिव्हर जातं.

तुमचा खरा सवाल दुसरा आहे. कोंबडी घरात जात नाही याचा अर्थ घरात काहीतरी आहे. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा. एक कोंबडी उचला आणि पंखाखालची कातडी बघा. मग दांडी जिथं भिंतीत घुसते त्या खाचेत सुरीचं टोक फिरवा. चपटे, करड्या रंगाचे, वाटाण्याच्या डाळीएवढे किडे बाहेर पडतील. रक्त पिऊन आलेला असेल तर टम्म आणि निळसर. ही कोंबडीची गोचीड. दिवसा भेगांत लपते, रात्री रक्त पिऊन परत जाते, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. तुरा पांढरा पडला तो अंगात रक्त न राहिल्यानं. शिवाय ही गोचीड तापाचा एक आजारही पसरवते. दगावलेल्या दोन त्यानंच गेल्या का, हे डॉक्टरांना विचारा.

खुराडं दोन-चार महिने रिकामं ठेवलं की उपाशी मरतील, हा भ्रम सोडा. ही जात वर्षाहून जास्त काळ उपाशी राहते. माणदेशातली मातीची खुराडी मी याच्यापायी पाडलेली बघितलीत. पाडायची गरज नसते, भेगा बुजवायच्या असतात. सगळं सामान बाहेर काढा. अंडी घालायच्या टोपल्यांतलं काड, जुनी पोती जाळा. भिंतीची एकही भेग न सोडता लिंपून घ्या, वर चुना द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात गोचिडीवरचं औषध आणि त्याचं प्रमाण विचारा. ते भिंतींना मारा, वाळल्यावरच कोंबड्या आत घ्या, आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा मारा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. दांडी भिंतीत खोचू नका. तिला चार पाय करा आणि प्रत्येक पाय जळक्या ऑईलच्या डब्यात ठेवा. भिंतीवरची गोचीड कोंबडीपर्यंत पोचणार नाही.

आणि हात जोडून सांगतो, द्राक्षबागेत मारायचं औषध पंपात उरलंय म्हणून कोंबडीवर मारू नका. तुमच्या भागात हे चालतं, मला माहीत आहे. गोचीड मरते, मागोमाग कोंबडीही मरते, आणि न मेलेलीची अंडी पोरं खातात.

प्रश्न : कोंबडीजाळी मारून पक्कं खुराडं केलं, तरी मुंगसानं चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) मारल्या. विष ठेवू का?
– एक तरुण, शिराळा

उत्तर : नाही. मुंगूस कायद्यानं संरक्षित आहे, आणि विष गावातलं कुत्रं खाईल. नागपंचमीच्या गावचा तू, जनावरांशी कसं वागायचं हे मी तुला काय सांगू!

पोरा, षटकोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवायला असते. बाहेरचं बाहेर ठेवायला ती कामाची नाही. रानमांजर ती दातानं ओढून फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घे. खालच्या बाजूनं बाहेर दीड हात जमिनीलगत पसरव आणि वर दगड-माती टाक. उकरणारं जनावर भिंतीला लागून उकरतं, जाळी लागली की थांबतं. चार पावलं मागं जाऊन उकरायची अक्कल त्याला नसते. दाराखालची फट दोन बोटांपेक्षा कमी कर. याच जाळीनं साप आणि घुशीही अडतात. अंडी मात्र दुपारीच उचल. धामण आणि नाग त्यांच्यासाठीच येतात.

मुंगूस दिवसाढवळ्या येतं, म्हणजे तुझ्या तलंगा मोकळ्या फिरताना गेल्या असतील. पिल्लं मोठी होईस्तोवर डालग्याखाली ठेव. आणि तुमच्याकडं उसात बिबट्या असतो. अंधार पडल्यावर खुराड्याकडं एकट्यानं जायचं नाही.

प्रश्न : दरवर्षी मानमोडीत निम्म्या कोंबड्या जातात. लसीची बाटली शंभर डोसांची, माझ्या कोंबड्या बारा. परवडत नाही.
– गृहिणी, कोरेगाव

उत्तर : वहिनी, आळीतल्या सगळ्यांनी मिळून एक बाटली आणा. मानमोडी झाल्यावर औषध नाही. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन पंखाखाली. लस दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फावर आणायची. बाटली कालवली की तास-दोन तासांत संपवायची. उरलेली उद्यासाठी ठेवली तर ते नुसतं पाणी आहे. म्हणून सकाळी लवकर सगळ्यांच्या कोंबड्या कोंडून ठेवायला सांगा आणि घरोघर फिरा. आजारी कोंबडीला लस नाही.

बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. बहुतेक मानमोडी तिच्याच पायांनी घरात येते. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा कॅनॉलमध्ये फेकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि एकाएकी बऱ्याच मेल्या तर लपवू नका, दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून हे कळवणं थट्टेचं राहिलेलं नाही.

प्रश्न : कडकनाथ पाळावा का? अंडी काळी असतात म्हणे.
– इस्लामपूर

उत्तर : अंडी काळी नसतात, फिक्कट बदामी असतात. काळं असतं ते मांस, हाडं आणि कातडी. मूळ झाबुआचं, मध्य प्रदेशातलं. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हौसेनं चार पाळा. पण ‘पिल्लं आमची, अंडीही आम्हीच घेऊ’ असं कुणी म्हणालं तर २०१९ साली तुमच्याच गावात अशाच कडकनाथ योजनेत लोकांचे पैसे कसे बुडाले ते शेजाऱ्याला विचारा. घरच्या अंड्यांसाठी गावरान, नाहीतर गिरिराज किंवा वनराज या सुधारित जाती बऱ्या. गावरान अंडी कमी घालते, पण खुडूक बसून स्वतःची पिल्लं स्वतः काढते.

प्रश्न : आम्ही विश्रामबागेत राहतो. कोंबडा पहाटे चारला बांग देतो, शेजारी भांडायला येतात. कोंबडा काढला तर कोंबड्या अंडी घालणं बंद करतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही करणार. अंडं घालायला कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची असतील तरच लागतो. शेजाऱ्यांना या रविवारी जेवायला बोलवा. मटण आणू नका.