पांढऱ्या संगमरवराच्या शिरा जाळ्यासारख्या का दिसतात

तुम्ही लिहिलंय की टीपॉयची लाकडी फळी संगमरवरासारखी दिसावी म्हणून तिला पांढरा रंग दिला, तो वाळल्यावर बारीक ब्रशने करड्या शिरा काढल्या आणि आता ते कोळ्याचं जाळं वाटतंय. सगळं खरवडून काढू नका, हे सुधारता येतं.

गडबड झाली ती वाळलेल्या रंगावर शिरा काढल्यामुळे. खऱ्या दगडात शीर वर बसलेली नसते. जमिनीखाली उष्णता आणि दाबाने चुनखडकाचा संगमरवर होतो, तेव्हा त्यातली माती आणि लोहाची संयुगं दगडाच्या आतच पट्ट्यांसारखी पसरतात. म्हणून शीर कुठे वर येते, कुठे धूसर होऊन आत बुडते. हे बुडणं ओल्या रंगातच साधतं.

फळी २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून पांढऱ्याचा नवा हात मारा, त्यात किंचित करडा मिसळा. या वेळी लाकडाचे रेषे दिसत असतील तर आधी पुट्टी भरा. संगमरवराला रेषे नसतात, ते दिसले की पुढची सगळी मेहनत वाया. गाठी असतील तर त्यावर शेलॅक (लाखेचं पॉलिश) लावा, नाहीतर डाग वर येतात.

हात पूर्ण वाळला की चार भाग ग्लेझमध्ये (रंग पातळ, पारदर्शक करणाऱ्या द्रवात) एक भाग करडा रंग मिसळा आणि चुरगळलेल्या प्लास्टिकने तिरपे, फिकट ढग उठवा. ते ओले असतानाच शिरा काढा. पाण्याचं ग्लेझ काही मिनिटांतच वाळून चिकट व्हायला लागतं, म्हणून त्यात रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारा द्रव, घाला. ब्रश अगदी मागच्या टोकाला धरा आणि बोटांत फिरवत ओढा, म्हणजे हात आपोआप थरथरतो. मी पक्ष्याचं पीसही वापरतो. लगेच कोरड्या मऊ ब्रशने अलगद पुसा. वाळल्यावर पांढऱ्या ग्लेझचा पातळ थर द्या, की शिरा खाली जातात. मला या कामातला हाच क्षण सगळ्यात आवडतो. त्यावर दोन-तीनच ठळक शिरा, बस्स.

सगळ्या शिरांचा कल एकच ठेवा. फुली नको, फाटा फुटलेला चालेल. निम्म्याहून जास्त जागा मोकळी सोडा, तिथे हात शिवशिवला तरी थांबा. समोर खऱ्या कॅरारा दगडाचा, म्हणजे इटलीतल्या करड्या शिरांच्या पांढऱ्या संगमरवराचा, फोटो ठेवा, दुसऱ्या कुणी रंगवलेल्या फळीचा नको.

आणि कडा! शीर कडेवरून खाली उतरलीच पाहिजे, नाहीतर वर कागद चिकटवल्यासारखं दिसतं. पायांच्या सांध्यापाशी मात्र ती तुटू द्या, कारण खऱ्या कामात ते वेगळे तुकडे असते.

वरून पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे (पारदर्शक संरक्षक लेपाचे) तीन पातळ हात द्या. तेलाचं व्हार्निश पांढऱ्यावर पिवळं पडतं. हाताला कोरडं लागलं तरी निदान दोन आठवडे त्यावर गरम कप किंवा जड वस्तू ठेवू नका.